ढगटपाल, खंड तिसरा

ओरथाईला पुस्तकं निवडायची होती एकोणीस पोरांसाठी, आणि जीव टांगणीला लागला होता एकासाठीच.

तो एक म्हणजे तिचा दहा वर्षांचा मुलगा नुआ. चार दिवसांनी त्याचं मुंडन व्हायचं होतं. गावातली इतर अठरा पोरं आणि तो, असे एकोणीस जण एप्रिलभर विहारात श्रामणेर, म्हणजे बालभिक्खू, म्हणून राहणार होते. दर उन्हाळ्यात पोरं राहतात. शाळेला सुट्टी, उन्हाचा कहर, आणि आयांनाही जरा उसंत. पोरगं दहा दिवसांत कंटाळून घरी पळून आलं तरी कुणी काही म्हणत नाही. हसतात आणि आंबा कापून देतात. पण नुआनं पळून यायचं नव्हतं. त्यानं अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिवस काढायचे होते, आणि का काढायचे होते ते ओरथाईखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. गेल्या वर्षी तिच्या सासूबाईंच्या छातीचं मोठं ऑपरेशन झालं. नवरा तैवानच्या कारखान्यात, येऊ शकला नाही. ओरथाई एकटीच दवाखान्याच्या बाकावर सहा तास बसून होती, आणि पाचव्या तासाला तिनं डोळे मिटून गावच्या बुद्धमूर्तीला नवस बोलला. ‘एवढी म्हातारी वाचू दे. माझा नुआ येत्या उन्हाळ्यात पुरे अठ्ठावीस दिवस भिक्खूचं चीवर घालेल. एक दिवस कमी नाही.’

म्हातारी वाचली. वाचली म्हणजे कशी, तर तिसऱ्या दिवशी नर्सला म्हणाली की तुझ्या दवाखान्यातल्या पेजेपेक्षा मरण बरं होतं. बुद्धानं आपलं काम चोख केलं होतं. आता पाळी नुआची होती, आणि नुआला कुणी विचारलंच नव्हतं.

"आजीला बरं वाटेल रे," एवढंच ती त्याला म्हणाली.

नुआ जेवताना पुस्तक, आंघोळीला जाताना पुस्तक, असला पोरगा. त्यानं पान उलटत उत्तर दिलं, "पुस्तकं वाचू देणार असतील तर जातो. नाहीतर नाही."

ओरथाई विहारात गेली आणि पुस्तकांचं विचारलं. उन्हाळी श्रामणेरांना सांभाळतात ते भंते विसुत. चीवर घेण्याआधी सहा वर्षं शाळेत मास्तर होते, त्यामुळे पोरांबद्दल त्यांना भलत्या कल्पना नाहीत.

"अहो उपासिका, तुमच्या तोंडात साखर पडो," ते म्हणाले. "बारानंतर यांना जेवण नाही, फोन नाही, आई नाही. एक ते चार ही वेळ म्हणजे माझी परीक्षा असते. पोरं माकडं होतात, माकडं! तुम्ही असं करा, सगळ्यांसाठीच एक मालिका निवडा. जादूची असो, पऱ्यांची असो, मला चालेल. पण लांब हवी. एक भाग संपला की दुसरा हातात. आणि चीवर घातलेली लेकरं आहेत, एवढं ध्यानात ठेवा. शीलाला धक्का लागेल असलं काही नको."

म्हणून ती फित्सानुलोक शहरातल्या मोठ्या दुकानात आली होती. बाहेर ऊन रणरणत होतं, दिवस दुकानातच जाणार होता, म्हणून आधी वाटेवर वाटीभर शेवया, वर भाजलेलं डुकराचं मांस, आणि वर आणखी अर्धी वाटी शेवया असं भरपेट जेवून घेतलं होतं. ओरथाईचं शाळेसमोर वह्यापेन्सिलींचं दुकान. पुस्तकांची तिला भीती नव्हती. पण मुलांच्या जादूच्या पुस्तकांचा तो फळ्यांमागून फळ्यांचा डोंगर बघून ती जागीच थबकली. यातलं एक चुकीचं निघालं, नुआ कंटाळला, दहाव्या दिवशी चीवर उतरवून घरी आला, तर? नवस मोडला तर तो फिरतो कुणावर? जिच्यासाठी बोलला तिच्यावरच ना! म्हातारीचं शिवलेलं काळीज तिच्या डोळ्यांपुढे आलं.

तिनं एक युक्ती काढली. प्रत्येक मालिकेला पंचशीलाची चाळणी लावायची.

पहिली मालिका अजगरांची. बाराव्या पानावर नायकानं अजगराचं मुंडकं उडवलं. प्राणिहत्या! ठेव खाली. दुसरीत नायक चोरांच्या टोळीतला सगळ्यात हुशार चोर. ठेव. तिसरीच्या मुखपृष्ठावरच मुलगा न् मुलगी हातात हात घालून धबधब्यामागे शिरत होते. धबधब्यामागे काय काम असतं गं बाई? ठेव, ठेव. चौथीतला कोल्हा पानापानाला थापा मारायचा, आणि गंमत म्हणजे त्यातच त्याचं सगळं भलं व्हायचं. पाचवीत बुटके लोक पिंपानं दारू प्यायचे आणि गाणी म्हणायचे. दुकानातल्या मुलीनं दोनदा स्टूल आणून दिलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला नक्की काय नको आहे ते सांगा ना."

"पाप नको आहे," ओरथाई म्हणाली.

मुलीनं डोकं खाजवलं आणि खालच्या फळीवरून ‘ढगटपाल’ काढून दिलं. पाच खंड. ढगांच्या राज्यात एक अनाथ मुलगा टपाल वाटतो. पाठीवर पिशवी, पायात वाऱ्याचे जोडे, एका गडावरून दुसऱ्या गडावर. ओरथाईनं पहिल्या खंडाची साठ पानं उभ्यानं वाचली. कुणी मरत नव्हतं. कुणी चोरत नव्हतं. राजकन्या होती, पण सत्तर वर्षांची. टपालवाला खोटं बोलत नव्हता आणि लिंबाच्या सरबतापलीकडे काही पीत नव्हता. पाचही शीलं शाबूत! तिनं तीन संच बांधून घेतले, आणि घरी येताना बसमध्ये कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचा डोळा लागला.

भंते विसुतांनीही सकाळच्या भिक्षेचं जेवण झाल्यावर पहिला खंड चाळला आणि म्हणाले, "साधू, साधू, साधू."

मुंडनाच्या दिवशी सासूबाईंना चाकांच्या खुर्चीतून आणलं. थोंगबाय त्यांचं नाव, वय एक्याऐंशी, जीभ पंचविशीतली. नातवाची पहिली बट त्यांनीच कापली. थरथरत्या हातानं कापताना म्हणाल्या, "कान राहू देते हो, ऐकायला लागतील." सगळे हसले. ओरथाई मात्र हसली नाही, ती मनात म्हणाली, एक.

चीवर अंगावर चढलं आणि त्या क्षणापासून पोटचं पोर ‘अहो’ झालं. आता त्याला जवळ घ्यायचं नाही, स्पर्शसुद्धा करायचा नाही, काही द्यायचं तर त्यानं पसरलेल्या कापडावर ठेवायचं, आणि समोर आला की गुडघे टेकून हात जोडायचे. ‘तू जेवलास का’ असं नाही, ‘श्रामणेर, आपण भोजन केलंत का’ असं. तो तिला उपासिका आई म्हणू लागला. पहिल्या दिवशी दोघांनाही हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी तिला रडू आवरेना, पण ते तिनं घरी येऊन उरकलं.

रोज संध्याकाळी पाचला ती विहारात जायची. पोरांना बारानंतर अन्न चालत नाही, पण गाळलेलं सरबत चालतं. ते वाटायचं आणि दिवसभर वाचलेली पुस्तकं गोळा करून कपाटात ठेवायची, हे काम तिनं मागून घेतलं होतं. नुआला रोज बघता यावं म्हणून, दुसरं काय! पुस्तकांच्या मागे तिनं कागद चिकटवले होते. जो घेईल त्यानं त्यावर नाव लिहायचं.

पहिले चार दिवस झकास गेले. एक ते चार विहारात चिटपाखरू बोलत नव्हतं. भंते म्हणाले, "उपासिका, मी वीस मिनिटं झोपलो हो!"

पाचव्या दिवसापासून पोरांचे चेहरे उतरायला लागले. सरबताचा पेला हातात घेऊन पोरं पेल्याच्या तळाकडे असं बघायची की बघवत नसे. सगळ्यात धाकटा श्रामणेर सात वर्षांचा, घरचं नाव तांग्मो, म्हणजे कलिंगड, आणि दिसायलाही तसाच. तो सहाव्या दिवशी पेला पुढे करून विचारता झाला, "उपासिका, मधात भाजलेला भोपळा कसा लागतो?"

"कशाला हवाय तुम्हाला भोपळा?"

"नको. नुसतं सांगा."

आठव्या दिवशी दोन पोरं घरी गेली. एकाची आई म्हणाली, "रात्रभर खीर खीर करत रडत होतं. आमच्या घरात खीर कधी होत नाही, कुठून शिकलं देव जाणे!"

ओरथाईचं धाबं दणाणलं. नवव्या दिवशी संध्याकाळी तिनं दुसरा खंड घरी नेला. पोटात सकाळपासून काही नव्हतं. काळजीनं घास उतरत नव्हता. तशीच पायरीवर बसून वाचायला लागली, आणि चौथ्या प्रकरणाशी येईस्तोवर तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

ढगांच्या राज्यात एक रीत होती. पत्र आणणाऱ्याला जेवू घातल्याशिवाय पत्र उघडायचं नाही. प्रत्येक प्रकरणात एक गड, प्रत्येक गडावर एक पत्र, आणि पत्रामागे एक जेवणावळ! मधात भाजलेले भोपळे, लोण्यात बुडवलेल्या गरम पोळ्या, वाफाळणारी खीर, साल तडकलेले बटाटे. दोन दोन पानं नुसती पंगत. लिहिणारा मेला काय उपाशीपोटी लिहायला बसला होता! दुकानात हे तिच्या ध्यानातच आलं नाही. शेवयांच्या दीड वाट्या पोटात असल्यावर कुणाला भोपळा दिसतो?

आणि मग तिनं कपाळावर हात मारला. पंचशील लावलं तिनं! घरसंसारातल्या बाईला पाच शीलं, ती रोज म्हणते, तोंडपाठ आहेत. पण श्रामणेरांना दहा असतात. आणि सहावंच, पाचाच्या अगदी पुढचं, माध्यान्हीनंतर जेवायचं नाही हे आहे. एकोणीस उपाशी पोरांच्या हातात तिनं आपल्या हातानं पंगती वाढून ठेवल्या होत्या. करायला गेले पुण्य अन् झालं पाप, अशी गत.

ती तडक भंतेंकडे गेली. भंतेंनी दुसरा खंड उघडला, वाचला, मिटला. "मीही जेवणानंतरच वाचलं होतं," ते म्हणाले. "पण आता काढून घेतलं तर निम्मी पोरं उद्याच घरी जातील. टपालवाला कड्यावर लोंबकळतोय. राहू द्या. भूक लागली की भूक लागली असं ओळखायचं, हाच तर अभ्यास."

भंतेंना अभ्यास सुचत होता. ओरथाईला फक्त दिवस दिसत होते. अजून एकोणीस उरले होते.

अकराव्या दिवशी सकाळी विहाराच्या आवारातल्या राखणदार देवतेच्या छोट्या देवळात कुणीतरी ठेवलेला नैवेद्य गायब झालेला सापडला. केळं घालून चिकट भात, केळीच्या पानात बांधून उकडलेला, अशा दोन पुरचुंड्या होत्या. पानं तिथेच, भात नाही. भंतेंनी पोरांना ओळीत बसवून शांतपणे सांगितलं, "ज्यानं खाल्लं त्यानं येऊन सांगावं. शील पुन्हा घेऊ, विषय संपला. लपवलं तर मात्र ते आत कुजतं."

कुणी पुढे आलं नाही.

त्या संध्याकाळी पुस्तकं गोळा करताना ओरथाईच्या हाताला तिसऱ्या खंडाची एक प्रत चिकट लागली. उघडून बघते तो मधल्या दोन पानांवर भाताची शितं. चिरडलेली, वाळलेली, कागद जागोजागी खरवडलेला. पान होतं पंगतीचं. तिनं मागचा कागद पाहिला. शेवटचं नाव नुआचं, त्याच्या त्या वाकड्या अक्षरात.

तिनं पुस्तक चटकन मिटलं. म्हणजे माझाच! पुस्तक वाचता वाचता, एका हातानं पान धरून दुसऱ्या हातानं नैवेद्याचा भात! घरीही तो असाच खायचा. त्याच्या कितीतरी पुस्तकांत माशाचे काटे सापडले होते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

रात्र तिनं तळमळून काढली. नवस दिवसांचा होता की शीलाचा? दिवस भरले आणि आत लपवलेलं पाप असलं, तर तो महिना बुद्ध मोजेल का? पलीकडच्या खोलीत सासूबाई खोकल्या की ती उठून दाराशी कान देई. पहाटेपर्यंत तिचं ठरलं. शील पुन्हा घेतलं की सगळं कोरं होतं, भंतेच म्हणाले ना? मग कुणीतरी सांगायला हवं. नुआ नाही सांगत, तर आपण.

आता बघा, पोराला एकदा विचारावं, एवढी साधी गोष्ट. पण भीतीनं माणूस कसा होतो! तिला नुआ दिसतच नव्हता. तिला दिसत होतं ते म्हातारीचं काळीज आणि उरलेले सतरा दिवस.

सकाळी तिनं भंतेंसमोर पुस्तक ठेवलं आणि मान खाली घालून सांगितलं, "माझ्याच मुलानं खाल्लं."

भंतेंनी नुआला बोलावलं. तो आला, वंदन करून बसला. त्याचं डोकं इतकं लहान दिसत होतं. भंतेंनी पुस्तक उघडून विचारलं, "श्रामणेर, हा भात कसा आला इथे?"

नुआनं पुस्तकाकडे पाहिलं. मग कोपऱ्यात बसलेल्या आईकडे पाहिलं. "आईनं सांगितलं?"

"तुम्ही भात खाल्लात का?"

"नाही."

"मग ही शितं?"

नुआनं ओठ आवळले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणापासून त्याचं असंच, कुणी खोटं पाडलं की तोंडाला कुलूप. भंते म्हणाले, "बरं. जा तुम्ही." मग त्यांनी पुस्तक मिटून ओरथाईपुढे ठेवलं. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ती सरबत घेऊन गेली तेव्हा नुआनं कापड पसरलंच नाही. दोन हात अंतरावर उभा राहून, इकडे तिकडे बघत, अगदी हळू म्हणाला, "मला घरी यायचंय. उद्या ने मला."

उपासिका आई नाही, आपण नाही, काही नाही. ओरथाईच्या ओठांवर आलं होतं, ‘अरे राजा, असं करू नकोस, तुझ्या आजीचा जीव आहे रे यात!’ एवढं एक वाक्य टाकलं असतं तर तो राहिला असता. आजीवर त्याचा भारी जीव. आणि नेमकं म्हणूनच ते वाक्य तिला गिळावं लागलं. आज सकाळी एकदा तिनं त्याला विकलं होतं. संध्याकाळी पुन्हा त्याच्या गळ्यात दगड बांधायचा? ती "बरं" म्हणाली आणि सोळा रिकामे, एक भरलेला असे पेले घेऊन निघाली... नाही, पंधरा रिकामे आणि दोन भरलेले. तांग्मोनंही त्या दिवशी सरबत घेतलं नव्हतं. तिला ते जाणवलं, पण मनात शिरलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंच्या पायाशी बसून तिनं सगळं ओकून टाकलं. नवस, दुकान, भोपळा, शितं, सगळं.

थोंगबायनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे नवस बोललीस तू, आणि फेडतोय तो."

"हो आई."

"आणि जगतेय मी."

"हो."

"वा गं वा! तिघांमध्ये शहाणं कोण, सांग मला. अगं, भुकेजल्या पोराचे दिवस मोजून मला आयुष्य चढवतेस होय? मला असला घास उतरेल का? उद्या सण आहे, उद्याच आण त्याला घरी. मी मरेन तेव्हा मरेन. बुद्ध काय पठाणी सावकार आहे का दाराशी बसायला?"

"पण काही झालं तर—"

"एक्याऐंशी झाली माझी. काही झालं तर ‘झालं’ म्हणायचं." मग जरा थांबून म्हातारी म्हणाली, "आणि त्याची माफी माग. आई झालीस म्हणून सुटत नाहीस."

दुसऱ्या दिवशी सोंगक्रान, नव्या वर्षाचा पाण्याचा सण. रस्त्यावर सकाळपासून पोरंटोरं एकमेकांवर बादल्या ओतत होती. ओरथाईनं कापडी पिशवीत नुआची घरची चड्डी आणि निळा सदरा भरला, दुसऱ्या हातात मोगऱ्याची फुलं टाकलेलं सुगंधी पाण्याचं भांडं घेतलं. पिशवी हलकी होती, पण तिचा खांदा दुखत होता. सासूबाई खुर्चीतून पुढे गेल्या होत्या, शेजारणीबरोबर.

विहाराच्या अंगणात भिक्खू आणि श्रामणेर बाकांवर ओळीनं बसले होते, तळवे पुढे करून. गावकरी एकामागून एक पुढे जात, तळव्यांवर पाणी घालत, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा मागत. ओरथाई रांगेत उभी राहिली तेव्हा कुणीतरी मागून तिला हळूच हाक मारली. वळून बघते तो खांबाआडून तांग्मो. डोळे सुजलेले.

"उपासिका," तो पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, "ते श्रामणेर नुआचे कपडे आहेत?"

"हो."

त्याचा खालचा ओठ थरथरला. "त्यांना नेऊ नका. भात मी खाल्ला."

"तुम्ही?" ओरथाईनं विचारलं.

"त्यांनी आमच्या पुस्तकातली जेवणाची पानं चिकटवली होती," तांग्मो भडाभडा सांगू लागला. "आम्ही लहान आहोत ना, आम्हाला भूक लागते म्हणून. रोज सकाळी त्यांच्या पात्रातली थोडी शितं ठेवायचे आणि बाराच्या आत चिकटवायचे. म्हणाले, इथे फक्त जेवलेत, दुसरं काही घडत नाही, उडी मारून पुढे जा. पण मला बघायचं होतं. मी मागच्या कागदावर नाव न लिहिताच पुस्तक घेतलं, पाणी लावून पानं उघडली. मग मी वाचलं. मग भूक लागली. मग मी देवळात गेलो." त्यानं नाक पुसलं. "आत्ताच भंतेंना सांगितलं. ते रागावले नाहीत. पण श्रामणेर नुआ रागावलेत. माझ्यावर नाही."

रांग पुढे सरकली. ओरथाईचे पाय आपोआप चालले. माझं लेकरू! भुकेलं असताना आपल्या पात्रातला भात वाचवून, दुसऱ्यांची भूक झाकायला! आणि तीच शितं मी भंतेंपुढे नेऊन ठेवली. तिला तिथेच धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

नुआ ओळीत शेवटून तिसरा होता. ती समोर आली तसा तो तिच्या डोक्यावरून पलीकडे बघू लागला. तळवे मात्र त्यानं पुढे केले, रीत होती. ती गुडघे टेकून बसली, भांडं तिरकं केलं. पाण्याची धार त्याच्या तळव्यांवर पडली. बोटांच्या पेरांवर अजून कागदाचे बारके कपटे चिकटलेले होते. ते आधी दिसले असते तर! हात लावायचा नव्हता. तिनं धार तेवढी त्या बोटांवरून पुन्हा पुन्हा फिरवली.

"श्रामणेर," ती म्हणाली, "काया, वाचा, मनानं माझ्याकडून जो अपराध झाला... अरे, मी तुला विचारलंच नाही रे. मी आधी घाबरले आणि मग तुझं नाव घेतलं. मला माफ कर. करा. पिशवीत तुझे कपडे आहेत. आजी म्हणाली घरी ये. तुला आवडेल तेच कर, खरंच सांगते, कुणी काही म्हणणार नाही."

मागून रांग खोळंबली. कुणीतरी "चला हो" म्हणालं आणि खुर्चीतून थोंगबाय गरजल्या, "थांब की मेल्या, तुला कुठे गाडी गाठायचीय!"

नुआनं पिशवीकडे पाहिलं. निळ्या सदऱ्याची बाही बाहेर लोंबत होती. मग त्यानं आईकडे पाहिलं. तिचं नाक गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"सुखी व्हा," तो म्हणाला. आशीर्वाद द्यायची रीत होती. मग मान जराशी पुढे करून, भंतेंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात पुटपुटला, "उपासिका आई, पाचव्या खंडात शेवटी राजाकडे तीन दिवस पंगत आहे. तिथं भात पुरायचा नाही."

"मग?"

"उद्या येताना दुकानातला डिंक आण. मोठी बाटली."